योनाथानाचा झगा



आपल्यापैकी अनेकजण शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या फौंड्र्यांत व कारखान्यांत कामाला जातात. मालकाच्या नव्या गाडीचा आपल्याला फारसा हेवा वाटत नाही. वाटतो तो शेजारी काम करणाऱ्याच्या पगारवाढीचा. दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख म्हणजे मत्सर, असे संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात सांगून ठेवले आहे.

हे दुःख येते कुठून? शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा १८ वा अध्याय घरी जरूर वाचावा. शौल राजा होता, सैन्य त्याचेच होते. तरी स्त्रियांनी गाण्यातून दावीदाला अधिक मान दिला आणि दुसऱ्याच दिवशी शौलाच्या हाती भाला आला. लोकांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला स्वतःची किंमत कळत नव्हती. वास्तविक दावीदामुळे नुकसान व्हायचे होते ते योनाथानाचे. गादीचा वारस तो. पण त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य काढून दावीदाला दिले. का? १४ व्या अध्यायात तो स्वतः एका शस्त्रवाहकाला घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्यावर चढून गेला होता. जिवावरचा प्रसंग काय असतो हे त्याला ठाऊक होते, म्हणून दावीदाचे धाडस त्याला कळले. आपणही काही आहोत हे ज्याला माहीत असते, त्यालाच दुसऱ्याच्या जागी उभे राहता येते.

मध्यंतरी एका जुन्या मोल्डरने आम्हाला एक गोष्ट सांगितली. (पापनिवेदनात नव्हे, चहा पिताना, आणि लिहायची परवानगीही दिली.) नव्या पोराचे साहेबांनी सर्वांसमोर कौतुक केले होते. दोन दिवसांनी त्या पोराच्या वाळूत ओल जास्त असल्याचे याला दिसले. ओल्या वाळूने कास्टिंगमध्ये भोके पडतात, हे याला वीस वर्षे ठाऊक. हा गप्प राहिला. माल रिजेक्ट झाला, पोराला बोलणी बसली. “फादर, अर्धा तास बरं वाटलं,” तो म्हणाला. जेवणाच्या सुट्टीत पोराने डबा उघडलाच नाही. तेव्हा याला आपले पहिले वर्ष आठवले. तेव्हा यालाही कुणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने पोराच्या मुठीत वाळू दिली, दाबायला लावली, मोडून दाखवायला लावली. ओल ओळखायची कशी ते शिकवले. आदल्या दिवशी आपल्याला दिसले होते, हे मात्र सांगितले नाही.

“ते सांगायला पाहिजे का, फादर?” त्याने विचारले. आम्ही हो म्हणालो. कप खाली ठेवून तो बराच वेळ गप्प बसला.