फोटोत न उमटलेली माणसे

उतारवयात आम्हाला छंद जडला तो फोटोचा. त्यातही कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवून काढायच्या फोटोचा. एका संध्याकाळी अश्दोदच्या समुद्रकिनारी कॅमेरा स्टँडवर चढवला. पहिला फोटो पांढराफटक आला. उजेड अजून फार होता. सूर्य बुडाल्यावर दुसरा काढला, तो हलला. बटण दाबताना आमचेच बोट थरथरले. मग बटण दाबल्यावर २ सेकंदांनी पडदा आपोआप उघडेल अशी सोय केली आणि ३० सेकंद श्वास रोखून उभे राहिलो. तिसरा फोटो साधला. लाटांचे धुके झाले होते, दगड मात्र जसेच्या तसे.

आमच्या मंडळींनी फोटो पाहून विचारले, "अहो, मी कुठे आहे?" त्या ३० सेकंदांत त्या कॅमेऱ्यासमोरूनच पाण्यापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. फोटोत त्यांची सावलीही नव्हती.

आम्ही शास्त्र सांगू लागलो. जो एका जागी थांबतो त्याचे रूप त्या जागी साठत जाते. जो चालत राहतो तो कुठेच पुरेसा उमटत नाही, मागचा उजेड त्याला झाकून टाकतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी तिथे नव्हतेच म्हणा!"

या उत्तराने आम्ही गप्प झालो. १८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो आपल्या खिडकीतून घेतला. पडदा कित्येक मिनिटे उघडा होता. गाड्या, घोडे, माणसे सारी नाहीशी झाली. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ. त्याच्यापुढे बसलेला पॉलिशवालाही दिसतो, पण अंधुक. ज्याचे बूट पुसले जात होते तो स्पष्ट, आणि पुसणारा पुसट!

मग कॅमेरा खोटे बोलतो काय? आम्हास तसे वाटत नाही. तो आपला नियम पाळतो. खोटेपणा सुरू होतो तो फोटो पाहून "तिथे कोणी नव्हते" असे आपण म्हणतो तेव्हा. आपल्या समारंभांचे जुने फोटो पाहा. खुर्च्यांवर हार घातलेले पाहुणे स्वच्छ दिसतात. आत मलिदा कालवणाऱ्या बाया, खुर्च्या वाहणारी पोरे कुठे आहेत? खुर्चीवर बसलेल्यांचा यात दोष नाही. परंतु समारंभ कोणी पार पाडला हे फोटोवरून ठरवू नये. जो राबतो तो एका जागी थांबत नाही, म्हणून तो उमटत नाही. त्याची आठवण ठेवणे हे यंत्राचे काम नव्हे, आपले आहे.

आम्ही त्या फोटोची प्रत काढून मागे पेन्सिलीने लिहिले: "या वेळी येथे आम्ही दोघे होतो." आपणही जुना आल्बम उघडाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, फोटोत नसलेले कोण कोण तिथे होते? आणि ती नावे लिहून ठेवा. सांगणारे आहेत तोवरच हे होईल.