गुप्तधन आणि धन्वंतरी

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एकाच दिव्याच्या उजेडात आपण दोन पूजा करतो, धनाची आणि धन्वंतरीची. पहिली मन लावून. दुसरी, आठवण झालीच तर. या दोघांचे नाते काय, असा प्रश्न मला दर दिवाळीत पडतो. घरात पैसा आला की औषधपाण्याची सोय होते, हे घरापुरते बरेचसे खरे. देशाचे मात्र तसे नाही. विशेषतः जे धन कोणाच्याही घामाशिवाय जमिनीतून वर येते त्याचे.

आपल्या गोष्टींतले गुप्तधन सापडते, पण पचत नाही. त्यावर नाग बसलेला असतो आणि ते बळी मागते. मला या गोष्टींत अंधश्रद्धेपेक्षा हिशेबाचे शहाणपण अधिक दिसते.

नायजेरियाचेच पाहा. १९५६ साली ओलोइबिरी गावाजवळ तेल लागले आणि पुढे साऱ्या देशाचा खजिना त्या तेलावर चालू लागला. २००१ साली आफ्रिकेतले राष्ट्रप्रमुख त्याच देशाच्या राजधानीत, अबुजा येथे जमले आणि अंदाजपत्रकाचा निदान १५ टक्के भाग आरोग्यावर खर्चण्याचे वचन देऊन उठले. यजमानाला ते वचन आजवर पाळता आलेले नाही. २०१७ साली तिथले राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी सलग शंभराहून अधिक दिवस लंडनला उपचार घेत होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या निवासातल्या दवाखान्यात साधी सिरिंजसुद्धा नाही, अशी तक्रार खुद्द त्यांच्या पत्नीने जाहीरपणे केली. जिथे राणीला सुई मिळेना, तिथे ओलोइबिरीच्या बाळंतिणीचे काय सांगावे!

असे का व्हावे? लाचलुचपत हे एक उत्तर आहेच, पण मला ते अपुरे वाटते. आपण घरपट्टी भरतो आणि नळाला पाणी आले नाही तर पावती घेऊन कचेरीत भांडायला जातो. तेलाचा पैसा कंपनीकडून थेट सरकारात जातो. त्याची पावती कोणाच्याच खिशात नसते, मग भांडायचे कशाच्या जोरावर?

कोणी म्हणेल, सारे खनिजवाले देश एकाच माळेचे मणी. तसेही नाही. बोट्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. तेही पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या स्वतःच्या जमातीच्या मुलुखात. खामांच्या सरकारने त्याच वर्षी कायदा करून भूगर्भातले धन जमातींकडून राष्ट्राकडे घेतले. घरच्या अंगणातले गुप्तधन गावाच्या नावे करणारा माणूस मला मोठा वाटतो. पुढे एड्सने तो देश पोखरला, प्रौढांत चारांतल्या एकाहून अधिकांना लागण झाली. तेव्हा २००२ पासून सरकारी इस्पितळांत औषध फुकट मिळू लागले. परदेशची मदत होती, पण हिऱ्यांचा पैसा गाठीशी नसता तर हे धाडस झाले नसते.

पण गोष्ट इथे संपत नाही. हिऱ्यांचा बाजार मंदावला, बाहेरची मदत आटली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच बोट्स्वानाला औषधांच्या टंचाईपायी आरोग्य-आणीबाणी जाहीर करावी लागली. रोग्याला गोळी रोज लागते. हिऱ्याला गिऱ्हाईक रोज मिळत नाही.

मग हा पैसा आजच्या रोग्यावर खर्चावा, की उद्याच्या मुलांसाठी राखावा? आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत. गोव्याच्या लोहखनिजाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली विक्रीतला १० टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवायला सांगितले. २०१५ च्या कायद्याने खाणींच्या जिल्ह्यांत खाणींची झळ सोसणाऱ्या लोकांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. आरोग्य हा त्यांच्या अग्रक्रमाच्या खर्चांपैकी एक. मला विचाराल तर, कोळशाची धूळ ज्याच्या छातीत आज बसली आहे त्याला पणतवंडांच्या नावाने थांबवून ठेवणे मला जमणार नाही. मूळ रक्कम राखावी, हेही पटते. पण त्याचा दम त्या व्याजाची वाट पाहत नाही.

चंद्रपूरच्या एका स्नेह्यांकडून मी तिथल्या प्रतिष्ठानाचा वार्षिक अहवाल मागवला आहे. इमारतींची पाने त्यात पुष्कळ असतील. मला डॉक्टर-परिचारिकांच्या पगाराचे पान पाहायचे आहे.