घरची आणि इकाची

आमच्या घरी मिरची दोन जागी वाळायची. थोडी धाब्यावर, मायच्या जुन्या लुगड्यावर. बाकी सगळी खळ्यात. खळ्यातल्या मिरचीवर बाजाराच्या आदल्या रात्री बाबा पाणी शिंपडायचे आणि वरून पोती झाकायचे. थोडं पाणी मारावंच लागते, नाहीतर भरताना मिरचीचा चुरा होतो. पण थोडं म्हणजे किती, हे ज्याच्या हातात बादली त्यानं ठरवायचं. आमच्याकडं अंमळ जास्तच व्हायचं. सकाळपर्यंत माल सादळायचा अन् वजन चढायचं.

मी मायला एकदा इचारलं, "धाब्यावरच्या मिरचीवर काहून नाही मारत पाणी?"

ती म्हणाली, "थे घरची हाय रे. हे इकाची."

बाबा लबाड नव्हते. दुसऱ्याच्या धुऱ्यावरची काडी त्यांनी कधी उचलली नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. व्यापारी आपल्या मालात कडता कापते, मंग आपण पाणी मारलं तर फिटंफाट. मीही पुढं कितीक वर्षं हाच हिशेब धरून चाललो. त्यातली चूक उशिरा दिसली. आमचं पाणी व्यापाऱ्याच्या पोटात गेलंच नाही. त्याला ओल हाताला कळत होती, तो भाव तेवढा पाडून घेत होता अन् माल पुढं धाडत होता. शेवटी ती मिरची ज्या बाईनं कुठल्यातरी गावात कांडली, तिनं आमचा काय कडता कापला होता? आणि ओल्या मिरचीला बुरशी धरते. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होते, काळजाला नाही तर लिव्हरला खाते, आणि भाजीत शिजवून ते जात नाही. आम्ही म्हणायचो, पाणीच तं हाय, पाण्यानं कोण मरते!

पोरीच्या लग्नात घरचं तिखट पुरलं नाही. दुकानातून सुटं आणलं. बायकोला शंका आली म्हणून तिनं पेलाभर पाण्यावर चिमूटभर टाकलं, तर लाल रेघा सुटून सरसर खाली उतरल्या. खऱ्या तिखटाचा रंग असा धावत नाही. मी तणतणत दुकानात गेलो. दुकानदारानं ऐकून घेतलं अन् म्हणाला, "भाऊ, तुमच्या संत्र्याच्या क्रेटमंधी वरच्या थराखाली काय असते?"

मला उत्तर आलं नाही. वाटेत सुचलं, ते असं की क्रेट उलटून पाहता येते, दळलेलं तिखट उलटून काय दिसणार? हा फरक खरा आहे. 2005 साली इंग्लंडात भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत सुदान नावाचा रंग निघाला. हा रंग बुटाच्या पॉलिशात घालतात. ती पूड एका सॉसमध्ये आणि तो सॉस पुढं कशाकशात गेला होता, चारशेच्या वर जिनसा दुकानांतून परत घ्याव्या लागल्या. एवढं आत शिरलेलं निवडून काढता येत नाही. तरी दुकानदाराच्या बोलण्याचा काटा माझ्यात राहिलाच.

कायदा आहे. आधी 1954 चा होता, मग 2006 चा आला, तो 2011 पासून लागू आहे. भेसळीनं माणूस मेला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. पण त्यातच लिहिलं आहे की शेतकरी अन् त्याच्या शेतातला माल यांना हा कायदा लागू नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, खरं सांगतो, हायसं वाटलं. घरी येऊन जेवायला बसलो तर ते हायसं वाटणंच टोचाया लागलं. मी काही केलंच नसतं तर सुटल्यासारखं कशाला वाटलं असतं?

मिरचीवर जास्तीचं पाणी मारणं मी सोडलं, त्याला झाले आता कितीतरी हंगाम. वजनात मार बसते, बसू द्या. क्रेट मुलगा भरतो, त्याच्याशी माझे वाद होतात.

पण विहिरीजवळ संत्र्याची दोन झाडं आहेत. त्यांवर आम्ही फवारा मारत नाही, ती फळं घरी खातो. मुलगा पंप पाठीला लावून ओळीनं येते अन् विहिरीपाशी आला की आपोआप वळते. त्याला हे कुणी सांगितलेलं नाही.