विश्वजित यज्ञ आणि मोटारींचा कारखाना

विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. आता यजमान जर राजा असेल, तोही साऱ्या पृथ्वीचा सार्वभौम, तर त्याच्या सर्वस्वात पृथ्वी धरायची का? जैमिनीच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायात, हा प्रश्न सरळ उभा केला आहे. पूर्वपक्ष म्हणतो, धरायची. राज्य त्याचे, म्हणून भूमीही त्याची. सिद्धान्त म्हणतो, नाही. भूमीशी सर्वांचे नाते सारखेच आहे. राजा तिचे रक्षण करतो आणि त्याबद्दल पिकाचा भाग घेतो. याहून अधिक तिच्यावर त्याचा हक्क नाही. शबरस्वामींनी आपल्या भाष्यात हाच निर्णय उलगडून सांगितला.

सगळ्यांनी तो मानला असे नाही. कात्यायनासारखे स्मृतिकार राजाला भूमीचा स्वामी म्हणतात आणि त्याच्या सहाव्या हिश्शाचा आधारही तोच सांगतात. शिवाय मीमांसकांच्या ‘सर्वां’मध्ये कोण बसत होते आणि कोण बाहेर उभे होते, हे जातिव्यवस्थेचा इतिहास जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा आहे. देणारा कितीही मोठा असला, तरी तो जे देतो आहे ते त्याचे आहे का?

मोटारींचा कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून सरकारे जमीन देतात, कराचा परतावा देतात, मुद्रांक शुल्क आणि वीज शुल्क माफ करतात, नाममात्र व्याजाने कर्ज देतात. त्यावरचा वाद बहुधा नोकऱ्यांच्या आणि कोटींच्या आकड्यांभोवती फिरतो. मीमांसकांचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, आणि तो न विचारल्याचे परिणाम भारताने सिंगूरमध्ये पाहिले.

१८ मे २००६ रोजी बुद्धदेव भट्टाचार्य पुन्हा पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री झाले आणि त्याच दिवशी टाटांनी लाख रुपयांच्या मोटारीचा, म्हणजे नॅनोचा, कारखाना बंगालमध्ये काढायचे जाहीर केले. त्यासाठी हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरमध्ये, दुर्गापूर द्रुतगती मार्गालगत ९९७ एकर जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली घेण्यात आली. वर्षात एकाहून अधिक पिके देणारी ती जमीन होती. अनेकांनी धनादेश घेतले, अनेकांनी नाकारले. नोंद नसलेले बर्गादार, म्हणजे वाट्याने शेती करणारे, आणि शेतमजूर यांना तर नुकसानभरपाईच्या हिशेबात जागाच नव्हती. त्यांच्या नावावर काही नव्हते, पण त्यांचे पोट त्याच जमिनीवर होते. डिसेंबर २००६ मध्ये ममता बॅनर्जींनी दीर्घ उपोषण केले, आंदोलन पेटत गेले आणि ३ ऑक्टोबर २००८ रोजी रतन टाटांनी सिंगूर सोडत असल्याची घोषणा केली.

या प्रकरणाचा तात्त्विक गाभा सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०१६च्या निकालात आहे. खंडपीठावर दोन न्यायमूर्ती होते: व्ही. गोपाल गौडा आणि अरुण मिश्रा. संपादन रद्द करून जमीन शेतकऱ्यांना परत द्यावी, यावर दोघांचे एकमत झाले. शेतकऱ्यांच्या हरकती कायद्याने सांगितल्याप्रमाणे ऐकल्याच गेल्या नाहीत, हेही दोघांनी मान्य केले. फरक पडला तो मुळाशी. न्या. गौडांच्या मते हे संपादन एका कंपनीसाठी होते, त्याला सार्वजनिक प्रयोजन म्हणता येणार नाही. न्या. मिश्रांच्या मते कारखान्यातून रोजगार आणि राज्याचा विकास साधणार होता, म्हणून ते सार्वजनिक प्रयोजनच होते. एकाच निकालपत्रात जणू पूर्वपक्ष आणि सिद्धान्त समोरासमोर बसले. ज्यांनी मोबदला घेतला होता त्यांनी तो परत करायचा नाही, असेही न्यायालयाने सांगितले, कारण दहा वर्षे त्यांचे उपजीविकेचे साधन हिरावले गेले होते.

दोघांपैकी कोणाचे खरे? न्या. मिश्रांचा युक्तिवाद सहज बाजूला सारता येण्यासारखा नाही. उद्योगांनी बंगालकडे पाठ फिरवली होती. शेती वाढत्या कुटुंबांना पुरत नव्हती. कारखाना हा केवळ मालकाच्या नफ्याचा विषय नसतो. त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे, मालमोटारी चालवणारे, खानावळी काढणारे उभे राहतात. पण प्रयोजन सार्वजनिक आहे असे मानले, तरी ते साधण्यासाठी ज्याच्या पायाखालची जमीन जाणार त्याचे म्हणणे ऐकणे ही कागदोपत्री पायरी ठरत नाही. प्रयोजन ‘सार्वजनिक’ होते ते त्या ऐकण्यातूनच. एरवी सरकारने स्वतःच्या सोयीला दिलेले ते नाव उरते.

सिंगूर सुटताच चार दिवसांत गुजरातने साणंद देऊ केले. तिथली सुमारे ११०० एकर जमीन सरकारी होती, आणंद कृषी विद्यापीठाच्या पशुपैदास केंद्राकडची. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून काही उचलले गेले नाही, आणि बंगालपेक्षा हा फरक मोठाच होता. मग देणगीचे ओझे कुठे गेले? तिजोरीवर. जानेवारी २००९च्या शासन निर्णयानुसार २,९०० कोटींच्या गुंतवणुकीवर तिच्या ३३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ९,५७० कोटींपर्यंत कर्ज, ०.१ टक्का व्याजाने, परतफेड वीस वर्षांनंतर. कंपनी जेवढा मूल्यवर्धित कर भरेल तेवढे कर्ज तिला मिळत जाणार, अशी ती योजना होती. नॅनो अपेक्षेइतकी खपली नाही, त्यामुळे कर आणि त्याच्या प्रमाणात मिळणारे कर्ज, दोन्ही मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे थांबले. २०१८ मध्ये नॅनोचे उत्पादन आटोपले. कारखाना मात्र बंद पडला नाही. टियागो आणि टिगोर तिथून निघत राहिल्या, आणि शेजारी आलेला फोर्डचा कारखाना फोर्डने भारतातले उत्पादन थांबवल्यावर टाटांनीच घेतला. साणंदचा परिसर बदलला, हे खरे आहे.

अशा सवलतींच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा असा, की कारखाना आला नसता तर तो करही आला नसता. न आलेल्या करातला वाटा सोडल्याने कोणाचे काय गेले? या मुद्द्यात एक शर्त दडलेली आहे: सवलत नसती तर कारखाना आला नसता. ती खरी किती वेळा असते? टिमोथी बार्टिक या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पडताळले, तेव्हा सवलतीमुळेच निर्णय फिरला असे प्रमाण २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. म्हणजे चारांपैकी निदान तीन वेळा कारखाना तसाही येणार होता आणि दिलेली रक्कम सरळ सोडून दिलेली होती. शिवाय सिंगूरहून साणंदला जे गेले त्याने देशात एकही नवा कारखाना वाढला नाही, फक्त त्याची जागा बदलली. युरोपीय संघात सदस्य देशांनी उद्योगांना दिलेली मदत संघाच्या आयोगापुढे तपासली जाते. भारतात राज्यांच्या या चढाओढीवर असा पंच नाही.

देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न धर्मसंस्थेलाही चुकत नाही. १९८१ मध्ये डेट्रॉइट शहराने जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी पोलटाउन ही वस्ती ताब्यात घेतली. चार हजारांहून अधिक माणसे, हजारावर घरे, दुकाने, चर्च. सहा हजार नोकऱ्या मिळतील असे सांगितले गेले, आणि मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी शहराची बाजू घेतली. त्या वस्तीत पोलिश स्थलांतरितांच्या कष्टातून उभे राहिलेले ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ हे कॅथलिक चर्च होते. कायद्याने ते धर्मप्रांताच्या नावावर होते, आणि धर्मप्रांताने ते विकायला होकार दिला. तिथले धर्मगुरू जोसेफ कारासिएविच यांनी मात्र आपल्या वरिष्ठांच्या विरोधात जाऊन भाविकांची साथ दिली. भाविकांनी चर्चच्या तळघरात २९ दिवस ठाण मांडले. १४ जुलैला पोलिसांनी त्यांना बाहेर काढले आणि चर्च पाडले गेले.

धर्मप्रांताचे म्हणणे असे होते, की बेकारीने खचलेल्या शहरात हजारो घरांच्या चुली पेटणार असतील तर एका इमारतीचा त्याग योग्य आहे. हे धर्माला धरूनच होते असे कोणी म्हणेल. परंतु त्याग करणारे आणि त्यागाचा निर्णय घेणारे वेगळे होते. स्वतःचे सोडणे हे पुण्य; दुसऱ्याच्या प्रार्थनेची जागा त्याला न विचारता सोडण्याला पुण्य कसे म्हणायचे? कारखान्यासाठी घेतलेल्या जागेतच बेथ ओलेम ही जुनी ज्यू दफनभूमी होती. ती कारखान्याच्या कुंपणाच्या आत तशीच राखली गेली आणि वर्षातून दोनदा नातलगांसाठी उघडली जाते. म्हणजे ठरवले तर राखता येत होते. २००४ मध्ये मिशिगनच्या त्याच न्यायालयाने आपला पोलटाउनचा निर्णय चुकीचा ठरवून उलटवला. तोवर वस्ती जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूख’ लिहिला. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले; हा ग्रंथ पुढे गुजरातेत आणि मुंबईकडे न्यायालयांनी प्रमाण मानला आणि पां. वा. काणे यांनी तो संपादित केला. विश्वजिताचा तो जुना वाद नीलकंठांनी व्यवहारात उतरवला. राज्य जिंकले तरी राजाला मिळतो तो कर घेण्याचा हक्क. शेते आणि घरे ज्याची त्याचीच राहतात. राजे जे भूमिदान करतात ते खरे तर महसुलातून लावून दिलेली वृत्ती असते. राजाला प्रत्यक्ष जमीन द्यायची असेल, तर ती त्याने आधी मालकाकडून विकत घेतलेली हवी.

याज्ञवल्क्यस्मृतीत आणखी दोन अटी सापडतात. दान आपल्या मालकीचेच द्यावे आणि तेही कुटुंबाला झळ लागणार नाही इतकेच. आणि राजाने भूमी किंवा करातला नेमून दिलेला वाटा दिला, तर पुढच्या राजांना कळावे म्हणून तो कापडावर किंवा ताम्रपटावर मुद्रेसह लिहून ठेवावा. सरकारचे कुटुंब म्हणजे त्याच्या शाळा, दवाखाने, पाटबंधारे. परताव्याचा हिशेब तिथपर्यंत नेऊन तपासायला हवा. आणि लेखाची अट तर आजच्या सामंजस्य करारांना जशीच्या तशी लावावी. सिंगूरच्या कराराचा तपशील व्यापारी गुपित म्हणून लोकांपासून दूर ठेवला गेला. ताम्रपट कोरणाऱ्या राजवटींहून लोकशाहीने कमी उघडे असावे, याचे समर्थन करता येत नाही.

महाराष्ट्रालाही हा हिशेब टाळता येणार नाही. १९६४ पासून राज्यात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तिचा मूळ हेतू न्याय्य होता: मुंबई-ठाणे-पुण्याकडे एकवटलेले उद्योग मागास भागांकडे वळावेत. पुढे ‘मेगा प्रकल्प’ असा वेगळा वर्ग झाला आणि मोठ्या कंपन्यांसाठी खास सवलती ठरू लागल्या. पोलटाउनची जनरल मोटर्स २००८ मध्ये तळेगावात आली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबवून गेली. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. मधल्या काळातले कामगार मात्र कोर्टकचेरीत आणि आंदोलनात अडकले. कंपनी मुदतीआधी गेली तर घेतलेल्या सवलतींचे काय आणि कामगारांचे काय, हे करारातच ठरलेले आणि लोकांना वाचता येण्यासारखे असायला हवे. नोकऱ्यांचे आश्वासन देऊन सवलत मागणाऱ्याने त्या आश्वासनाला बांधून घ्यायला काय हरकत आहे?

सिंगूरची देणीघेणी अजून संपलेली नाहीत. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी लवादाने पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये आणि १ सप्टेंबर २०१६ पासून ११ टक्के व्याज द्यावे, असा निवाडा दिला. महामंडळाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. हे पैसे द्यावे लागले तर ते बंगालच्या सार्वजनिक पैशातून जातील, आणि त्या पैशात सिंगूरच्या शेतकऱ्यांनी आणि नोंद नसलेल्या बर्गादारांनी बाजारहाटात भरलेला करही असेल.