गोड खोट

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बटण दाबले की लगेच बोलत नाही. आधी काचेच्या नळ्या तापाव्या लागतात, आतली तार लाल व्हावी लागते; मग कुठे मल्लिकार्जुन मन्सूरांचा आवाज खोलीत येतो. हिंडलग्याच्या आमच्या घरात वडिलांच्या वेळचा असा एक आहे, एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणारा. मुलगा म्हणतो, "बाबा, माझा एवढासा डबा याच्यापेक्षा स्वच्छ वाजतो." मोजायला बसलो तर त्याचेच खरे ठरेल.

हे वेड माझ्या एकट्याचे नव्हे. अमेरिकेतल्या मॅकिन्टॉश कंपनीचा 'एमसी २७५' १९६१ साली आला. दोन्ही बाजूंना ७५-७५ वॉट, वजन सुमारे ३० किलो. ट्रान्झिस्टरच्या लाटेत तो बंद पडला, आणि १९९३ साली त्याच कंपनीने तो पुन्हा काढला. अर्थात तो मोजमापातही चोख. आमचा तसा नाही.

अ‍ॅम्प्लिफायरचे काम निरोप्याचे. आलेला क्षीण स्वर मोठा करून पुढे द्यायचा, पदरचे काही घालायचे नाही. आमचा घालतो. एकट्या व्हॉल्व्हच्या यंत्रात मूळ स्वरासोबत दुप्पट कंपनांचा एक बारीक स्वर मिसळतो. दुप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर, षड्जाला तार षड्ज. तो मुळाशी भांडत नाही, म्हणून ही खोट कानाला भरदार वाटते. तंबोऱ्याची जवारी तरी दुसरे काय करते? पण तंबोरा हे वाद्य आहे. निरोप्याला हा अधिकार कोणी दिला?

आपल्या भागात घरोघरी असा एक निरोप्या असतो. आमची आजी मराठीत करवादायची, "पातेलं नेऊन आठ दिवस झाले, लाज नाही!" आणि माझी धाकटी बहीण शेजारच्या अज्जींना कानडीत सांगायची, "आजी तुमची आठवण काढत होती, पातेल्याचंही विचारलं." दोन्ही घरांचे येणेजाणे शेवटपर्यंत टिकले.

मीही तेच केले. काही वर्षांपूर्वी एक कानडी पालक माझ्यासमोर बसले होते. वर्गशिक्षक मराठीत म्हणाले, "मुलगा महिनाभर दुपारच्या तासांना नाही, विचारलं तर खोटं बोलतो." मी कानडीत सांगितले, "मुलगा हुशार आहे, थोडं लक्ष ठेवा." गृहस्थ समाधानाने हात जोडून गेले. वार्षिक परीक्षेत मुलगा नापास झाला. ते पुन्हा आले. आवाज चढवला नाही, इतकेच विचारले, "सर, त्या दिवशी गुरुजी एवढंच म्हणाले होते का?"

मला उत्तर देता आले नाही. तार षड्ज मिसळला तरी खालचा षड्ज ऐकू येतोच. मी षड्जच गिळला होता.

बहिणीला मात्र मी या हिशेबात धरणार नाही. पातेले त्याच संध्याकाळी परत आले होते.