शोधलं की सापडतं, पण काय?

२००४ साली जीमेल आलं, तेव्हा त्याचा आग्रह होता की मेल लावत बसू नका, शोधा. पुढे आम्ही इंजिनिअर मंडळींनी तोच हिशोब नोट्सना लावला. वह्या, टॅग कशाला? सगळं एका ढिगात टाका, सर्च बघून घेईल. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबरच आहे. कुठला शब्द कुठल्या नोंदीत आहे याची सूची आधीच तयार असते, त्यामुळे उत्तर क्षणात येतं.

फक्त शब्द आपण द्यावा लागतो. म्हणजे जे आपल्याकडे आहे हे आठवतं, तेवढंच शोधता येतं.

वडिलांच्या आजारपणात मी फोनमध्ये रोज नोंदी करायचो. सकाळची शुगर, इन्सुलिनचे युनिट, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. त्यातच मध्येमध्ये ते बोललेलं काहीबाही: विहिरीत पोहायला कोणी शिकवलं, पहिल्या पगारातून काय घेतलं. आज ‘शुगर’ टाइप केलं की धडाधड नोंदी येतात. ‘विहीर’ कोण टाइप करणार?

बरं, वही पाडायची तर कुठली? ‘मेडिकल’ म्हटलं की माणसाचा पेशंट होतो. ‘आठवणी’ म्हटलं की आकडे उपरे वाटतात, आणि त्या दिवसांत घरातली सगळी माया त्या आकड्यांतच होती.

कप्पे निरुपद्रवी नसतातच. ड्युईच्या १८७६च्या ग्रंथवर्गीकरणात धर्मासाठी २०० ते २९९ हे आकडे होते. त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माला गेले आणि बाकी जगाचे धर्म २९०च्या पुढे दाटीवाटीने बसले. रंगनाथन यांनी १९३३च्या कोलन वर्गीकरणात पुस्तकाला एका खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे मांडले. आपल्या टॅगचे ते आजोबाच म्हणायचे.

पण टॅगचा खरा उपयोग शोधण्यासाठी आहे असं मला वाटत नाही. टॅग लावायचा तर नोंद वाचावी लागते, आणि ही कशाबद्दल आहे हे आपणच ठरवावं लागतं. सर्च आपल्याला या दोन्हींतून सोडवतं. आता तर ॲपच टॅग सुचवतं. वडिलांच्या सगळ्या नोंदींना त्याने ‘आरोग्य’ सुचवलं. चूक म्हणता येणार नाही.

मी हातानेच लावतोय. रविवारी दहा-बारा होतात. आई शेजारी भाजी निवडत ऐकते. परवा म्हणाली, “पोहायला काकांनी नाही रे, आत्याने शिकवलं होतं त्यांना.”

आत्याच्या नावाचा टॅग नव्हता. नवा केला.