नीडलचे माप आणि वऱ्हाडचे ऊन

रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाडीतले नायट्रो इंजिन बिघडण्याच्या थोडेसे आधी सर्वांत सुरेख चालते. जेमतेम साडेतीन घनसेंटिमीटरचे, मुठीत मावणारे हे दोन-स्ट्रोक इंजिन मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेते. त्याच्या कार्बोरेटरवर एक बारीक स्क्रू असतो, त्याला नीडल म्हणतात. ती आत फिरवली की इंधन कमी होऊन मिश्रण ‘लीन’ होते, बाहेर फिरवली की ‘रिच’. रिच इंजिन दाट धूर ओकत, अडखळत चालते. नीडल एक अष्टमांश फेरा आत घेतली की धूर विरळ होतो, आवाज चढतो, गाडी उसळी घेते. पुन्हा तेवढीच घेतली की आणखी वेग. असे करता करता इंजिनाचा जोर शिखराला पोहोचतो, आणि तिथून पिस्टन घासून जाम होण्याची जागा हाकेच्या अंतरावर असते. याचे कारण इंधनात आहे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल ही तिन्ही एकाच बाटलीतून येतात. तेलाची वेगळी सोय नाही. म्हणून इंधन तोडले की उष्णता वाढते आणि नेमके त्याच वेळी तेल घटते. अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह यांच्यामधला पातळ थर नाहीसा होत असतो, आणि बाहेर उभ्या माणसाला मात्र अधिकाधिक गोड आवाज ऐकू येत असतो.

या खेळण्याने धर्मविचारातल्या एका जुन्या समजुतीला अडचणीत आणले आहे, असे मला वाटते. संयम का पाळावा, याचे नेहमीचे उत्तर ‘त्याचे फळ चांगले असते’ असे आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. सप्ताहातल्या कीर्तनात हा भाग आला की त्याचा अर्थ बहुधा असाच लावला जातो: माप पाळा, फायदा होईल. पण फायदा हाच पुरावा मानला तर लीन इंजिन निर्दोष ठरते. ते त्या घटकेला खरोखरच सर्वांत जास्त फायदा देत असते. अतिरेकाला लगेच शिक्षा होते, हे खरे नाही; बऱ्याचदा त्याला आधी बक्षीस मिळते. तेव्हा योग्य माप ओळखायचे तर फळाखेरीज दुसरी काही खूण हवी, आणि ती फळ हाती येण्याआधी वाचता यायला हवी.

‘मध्य’ या कल्पनेने इथे फारसे भागत नाही. अॅरिस्टॉटलने दाखवून दिले होते की दहा मापे अन्न फार आणि दोन थोडे, म्हणून प्रत्येक मल्लाला सहा मापे द्यायची नसतात. मध्य हा त्या त्या माणसाच्या संदर्भात ठरतो. नीडल याच्याही पुढे जाते. तिची योग्य जागा दोन टोकांच्या बरोबर मधोमध नसतेच. ती शिखराच्या अगदी जवळ, पण रिच बाजूला असते. आणि तिथे जायचे तेही रिच बाजूने, थोडे थोडे आत घेत. याचे कारण दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या किमतीच्या नाहीत. रिच बाजूला चुकले तर इंधन पेटवणारा ग्लो प्लग ओला होतो, इंजिन बंद पडते, गाडी हरते. पुन्हा सुरू करता येते. लीन बाजूला चुकले तर धातूवर ओरखडे उठतात आणि ते पुसता येत नाहीत. मध्यममार्गावरच्या चर्चेत ही विषमता क्वचितच लक्षात घेतली जाते. ज्याला अजून माप कळलेले नाही, त्याने कोणत्या बाजूला चुकावे हा प्रश्न माप काय या प्रश्नाआधीचा आहे. आणि भरून काढता येईल त्या बाजूला, असे त्याचे उत्तर देता येते.

वऱ्हाडात हे माप एका जागी टिकतही नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. थंडीतल्या पहाटे तो १० च्या आसपास असतो. एवढ्या फरकाने हवा सुमारे अकरा टक्के विरळ होते. थंडीत अचूक लावलेली नीडल उन्हाळ्यात हात न लावता रिच झालेली असते, कारण इंधन तेवढेच आणि प्राणवायू कमी. अमरावतीहून गाडी चिखलदऱ्याला नेली तर साडेसातशे मीटरच्या चढाने हवेचा दाब आठ-नऊ टक्के उतरतो, पण गारव्यामुळे त्यातला काही भाग परत मिळतो. नवशिका इथे हमखास फसतो. ऊन आहे, इंजिन तापते आहे, म्हणून तो नीडल आणखी बाहेर काढतो. हवेचा हिशोब मात्र ती किंचित आत घ्यायला सांगत असतो. आत घ्यावी तर थंड व्हायला वाव कमी. जाणकार थोडी आत घेतो, तापमान पाहतो, आणि हिवाळ्यातला जोर मेमध्ये मागत नाही. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त व्यायामाविषयी जवळपास हेच लिहून ठेवले आहे: बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने या ग्रंथावर टीका लिहिली. वाग्भटाला इंजिन ठाऊक होते असे कोणी म्हणू नये. मात्र बळ, स्निग्धता आणि ऋतू या तिन्हींचा मेळ पाहून मगच माप सांगायचे, ही त्याची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे.

यावरून लीन म्हणजे वाईट, असेही ठरत नाही. वरूड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदार झाडाला मुद्दाम उपाशी ठेवतो. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहारासाठी मे महिन्यात बाग ताणावर सोडतात. पाणी तोडल्याशिवाय झाड नीट फुलत नाही. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. म्हणून दिवस मोजून भागत नाही. पाने निस्तेज झाली का, किती गळली, हे पाहून ताण तोडायचा असतो. उपवास, जागरण, मौन यांकडे मी असेच पाहतो. व्रताला ताणाची गरज आहे, आणि पान वाचता येणारा माणूस जवळ हवा. केवळ पोथीत इतके दिवस लिहिले आहेत म्हणून तेवढे पूर्ण करणे म्हणजे जमीन न पाहता बाग वाळवणे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. आता तापमान मोजण्याची बंदूक मिळते; इंजिनाचे डोके १०० ते १२० अंशांत ठेवा की झाले, कान आणि अनुभव यांचे स्तोम कशाला? तसेच आचारातही नियम लिहून द्यावा, अनुभवी माणसाच्या मर्जीवर सोडू नये. आकडा उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण ११० अंशांचे इंजिन मेच्या दुपारी भोवतालपेक्षा ६५ अंशांनी तापलेले असते आणि जानेवारीच्या सकाळी १०० अंशांनी. आकडा एकच, अवस्था दोन. म्हणून शहाणा माणूस धूरही पाहतो, आणि इंजिन मंद चालू असताना इंधनाची नळी चिमटीत धरून पाहतो: दोन-तीन सेकंदांनी आवाज जरा चढून इंजिन थांबले तर ठीक; लगेच थांबले तर लीन; बराच वेळ चालत राहिले तर रिच. नियम ही अनेक खुणांपैकी एक खूण आहे. ती काढून टाकणे मूर्खपणाचे, आणि तिच्यावरच विसंबणे आळसाचे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माप देश-काळानुसार बदलते म्हटले की प्रत्येक जण आपल्या सोयीचे माप काढील. पण बदलण्याचे कारण काय, हे पाहावे. नीडल हलते ती हवा बदलली म्हणून. चालवणाऱ्याला शर्यत जिंकायची घाई झाली म्हणून नव्हे. हवा कोणाच्या इच्छेने दाट होत नाही आणि पिस्टनची समजूत घालता येत नाही. परिस्थितीनुसार बदलणारे माप आणि इच्छेनुसार बदलणारे माप यांत इतके अंतर आहे की पहिल्याच्या निमित्ताने दुसऱ्याचे समर्थन करणे ही निव्वळ लबाडी होय.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र ही सारी मांडणी थोडी वाकते. संत कुठे मापात राहिले? याच अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज चिंध्या पांघरून, हातात खराटा घेऊन आयुष्यभर फिरले, आणि १९५६ मध्ये अमरावतीच्या वाटेवरच वलगावजवळ त्यांचा अंत झाला. याला संयम म्हणता येत नाही; हा धडधडीत अतिरेक आहे. इंजिनाचे उदाहरण इथे अपुरे पडते, कारण इंजिनाला स्वतःचा हेतू नसतो. शर्यतीत शेवटच्या फेरीसाठी कोणी जाणूनबुजून लीन चालवतो आणि नव्या पिस्टन-स्लीव्हचे पैसे मोजायला तयार असतो. त्याला अडाणी म्हणता येणार नाही. माणूसही आपला देह असा खर्चू शकतो. मग दोष अतिरेकात नसून त्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडते यात आहे, एवढी दुरुस्ती मी मान्य करतो. गाडगेबाबांनी ती स्वतःच्या देहाच्या खात्यावर ठेवली आणि धर्मशाळा दुसऱ्यांसाठी बांधल्या. उलट त्याच वरूड-मोर्शी तालुक्यांची भूजलाच्या वर्गीकरणात अतिशोषित म्हणून नोंद झाली आहे. तिथे खोल बोअर घेणाऱ्याची बाग काही वर्षे इतरांपेक्षा हिरवी राहते आणि किंमत शेजारच्या विहिरीने चुकवलेली असते. गोड आवाज एकाच्या कानात, ओरखडे दुसऱ्याच्या धातूवर.

राहता राहतो तो कानाचा प्रश्न. इंजिनाजवळ बाहेर उभा राहून ऐकणारा कोणी असतो. माणसाच्या बाबतीत नीडल फिरवणारा आणि तापणारा एकच. वाग्भटाचे अर्ध्या शक्तीचे माप ज्याचे त्याला आपल्या श्वासावरून ओळखायचे असते, आणि जोर शिखराला असताना नेमके तेव्हाच सगळे उत्तम चालले आहे असे वाटते. आखाड्यात वस्ताद हौदाबाहेर का उभा असतो, हे यावरून कळते. अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालू आहे. तिथल्या मातीत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको. गुरूची गरज मी एवढ्यापुरती मानतो: त्याला माझ्याहून अधिक ज्ञान असेलच असे नाही, पण माझ्या वेगाची झिंग त्याला चढलेली नसते. ज्याला शिष्याच्या वेगातच आपला लौकिक दिसतो, तो मात्र हौदाबाहेर उभा असूनही बाहेरचा राहिलेला नसतो.